वाचकांचे प्रश्न : पाणउतारा केल्याने माणूस सुधारतो का?

निकालांचे दिवस आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. यंदा नागपुरातून आलेल्या बऱ्याच पत्रांत एकच मुद्दा निरनिराळ्या बाजूंनी मांडलेला दिसला : चारचौघांत कमी लेखले, लागेल असे बोलले, तर माणूस ईर्ष्येने उठून सुधारतो की मनातून खचतो? त्यांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे छापलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : ताई, सादर नमस्कार. मानेवाडा भागात माझे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. मुलगा अकरावी विज्ञान शाखेत असून धरमपेठेतील एका शिकवणी वर्गाला जातो. तेथे दर पंधरवड्याला चाचणी होते आणि गुणांचा संदेश माझ्या मोबाइलवर येतो. गुण घसरले की मी त्याला, प्रसंगी पाहुण्यांसमोरही, बोलतो. ‘तुझ्याच्यानं काही होत नाही बापा, तू शेवटी माझ्याच वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करशील’ असे शब्द तोंडून जातात, हे मान्य करतो. परंतु असे बोलल्यानंतर पुढच्या चाचणीत त्याचे गुण हमखास वाढतात, आणि चांगले गुण पडले म्हणून पाठ थोपटली, संत्रा बर्फी आणली, की पुढच्या वेळी तो हमखास घसरतो, हे मी स्वतः पाहिलेले आहे. पत्नीला माझे बोलणे पटत नाही. माझ्या वडिलांनीही मला असेच बोलून घडवले, आणि माझ्या मनात मुलाबद्दल मायाच आहे. डोळ्यांनी पाहिलेला अनुभव खोटा कसा मानावा?

उत्तर : आपला अनुभव खोटा आहे, असे मी म्हणणार नाही. आपण बोललात आणि त्यानंतर गुण वाढले, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. वाद आहे तो पहिलीमुळे दुसरी घडली काय, एवढ्यापुरताच. या वादात आपण एकटेही नाही. पुढे २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन एकदा इस्रायलच्या हवाई दलातील प्रशिक्षकांसमोर बोलत होते आणि शिकवताना शिक्षेपेक्षा शाबासकी अधिक उपयोगी पडते, असे त्यांनी सांगितले, तेव्हा एका अनुभवी प्रशिक्षकाने उठून नेमकी आपलीच तक्रार मांडली. शिकाऊ वैमानिकाने एखादी कसरत उत्तम केली म्हणून त्याची स्तुती करावी, तर पुढच्या वेळी तो चुकतो. वाईट केली म्हणून त्याच्यावर ओरडावे, तर पुढच्या वेळी सुधारतो. तेव्हा शाबासकीच्या गोष्टी आम्हाला सांगू नका, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. कानेमन यांनी त्याचे निरीक्षण मान्य केले. त्याने त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र त्यांना मान्य झाला नाही.

त्याचे कारण असे. कोणत्याही एका चाचणीतील गुणांत मुलाची तयारी असते आणि तिच्या जोडीला योगायोगही असतो. आदल्या रात्री वाचलेल्या धड्यावरच प्रश्न येणे, झोप पुरेशी होणे, एका गणितात सुरुवातीलाच चूक होऊन वेळ निघून जाणे, अशा किती तरी गोष्टी त्या दिवसाच्या गुणांत मिसळलेल्या असतात. ज्या दिवशी प्रतिकूल गोष्टी एकाच वेळी जमून येतात, त्या दिवशी गुण मुलाच्या नेहमीच्या पातळीच्या बरेच खाली जातात, आणि त्या सर्व पुढच्या वेळी पुन्हा जमून येण्याची शक्यता कमी असल्यामुळे पुढचे गुण, कोणी काही बोलो अथवा न बोलो, बहुधा वर येतात. फार चांगले गुण पडलेल्या दिवसाचेही तसेच आहे. तेथून पुढची वाट बहुधा खालीच असते. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली आईवडील आणि मुले यांच्या उंचीचा अभ्यास करून ते दाखवून दिले होते : फार उंच आईवडिलांची मुले उंचच असतात, पण सरासरीने पाहता आईवडिलांइतकी उंच नसतात. आपण नेमके तळाला असताना रागावता आणि नेमके शिखरावर असताना पाठ थोपटता, त्यामुळे रागाला नेहमी यश येताना दिसते आणि शाबासकी नेहमी अपयशी ठरताना दिसते. कानेमन यांनी त्या प्रशिक्षकांना पाठीमागे ठेवलेल्या लक्ष्यावर, न पाहता, दोन-दोन नाणी फेकायला लावली. पहिल्या खेपेस ज्यांचे नाणे लक्ष्याच्या अगदी जवळ पडले त्यांचे दुसरे नाणे बहुतेक लांब गेले, आणि ज्यांचे पहिले फार लांब गेले त्यांचे दुसरे जवळ आले. तेथे कोणी कोणाचे कौतुक केले नव्हते आणि कोणी कोणावर तोंडसुखही घेतले नव्हते.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्याची गरज नाही, कारण आपल्या मोबाइलमध्ये पुरावा आहे. वर्षभराचे गुण एका कागदावर क्रमाने उतरवून काढा आणि फार घसरलेल्या चाचण्यांपैकी ज्यांच्यानंतर आपण काहीच बोलला नव्हता, म्हणजे आपण साइटवर होता, लग्नाला गावी गेला होता किंवा संदेश पाहायचाच राहून गेला होता, अशा चाचण्या बाजूला काढा. त्यांच्या पुढच्या चाचणीतही गुण वर आलेले दिसले, तर ते कोणाच्या बोलण्यामुळे आले, हा प्रश्न उरतोच.

रागावण्याचा काहीच परिणाम होत नाही, असे मात्र मी म्हणत नाही. एलिझाबेथ हर्लॉक यांनी १९२५ साली अमेरिकेतील शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग जुना असला, तरी आपल्या प्रश्नाच्या फार जवळचा आहे. मुलांचे गट करून त्यांना सलग काही दिवस बेरजांच्या चाचण्या देण्यात आल्या. एका गटाचे वर्गासमोर नाव घेऊन कौतुक झाले, दुसऱ्याला वर्गासमोर दोष दिला गेला, आणि तिसरा गट हे सारे ऐकत होता, पण त्याच्याकडे कोणी लक्षच दिले नाही. दोष दिलेल्या गटाचे गुण सुरुवातीला खरोखर वाढले, आणि येथवर आपल्या म्हणण्याला आधार मिळतो. पुढच्या दिवसांत मात्र ती वाढ टिकली नाही, तर कौतुक झालेला गट पुढे जात राहिला. तिसऱ्या गटाची प्रगती फारच थोडी झाली, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे, कारण रागावायचे नाही म्हणजे मुलाच्या अभ्यासाकडे पाहायचेच नाही, असा अर्थ काही घरांत घेतला जातो. आपल्या मुलाचा अभ्यास बारावीच्या परीक्षेपर्यंत चालायचा आहे, आणि तेवढ्या अंतरासाठी दोन दिवसांची धास्ती पुरत नाही.

कोणत्या बोलण्याने काम सुधारते आणि कोणत्याने बिघडते, हे पाहण्यासाठी अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ साली तोवरच्या संशोधनातले सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र करून तपासले. केलेल्या कामाबद्दल अभिप्राय मिळाल्याने कामगिरी सरासरीने सुधारते, परंतु एक तृतीयांशाहून अधिक वेळा ती अभिप्रायानंतर खालावते, असे त्यांना आढळले. त्यांनी सुचवलेले कारण असे की, अभिप्राय हातातील कामाकडे लक्ष वळवतो तोवर उपयोगी पडतो, आणि ऐकणाऱ्याचे लक्ष कामावरून उडून ‘माझी किंमत काय’ या प्रश्नाकडे गेले की त्याचा उपयोग घटतो. या कसोटीवर आपले वाक्य तपासून पाहा. ‘तुझ्याच्यानं काही होत नाही’ यात मुलाला रसायनशास्त्राचा कोणता धडा कच्चा आहे, सूत्र चुकले की आकडेमोड चुकली, यातले काहीच कळत नाही. कळते ते एवढेच की बापाच्या लेखी आपण टाकाऊ आहोत. त्याच वाक्याचा उत्तरार्ध मला अधिक खटकतो. ज्या कामावर आपले घर उभे आहे, ज्यात हात बसायला वर्षे लागतात, तेच काम आपण मुलाला शिक्षा म्हणून दाखवता. उद्या तो त्या धंद्यात आला, तरी मान खाली घालून येईल.

शाबासकीविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही मुलांना ‘तुम्ही हुशार आहात’ असे, तर काहींना ‘तुम्ही मेहनत घेतलीत’ असे सांगितले होते. नंतर अवघड प्रश्नांत सर्वांनाच अपयश आले, तेव्हा हुशारीची स्तुती ऐकलेल्या मुलांची चिकाटी आणि गोडी अधिक घटली, आणि आपले गुण इतरांना फुगवून सांगण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त दिसले. म्हणजे मुलाला ‘हिरा’ म्हणणे आणि ‘धोंडा’ म्हणणे यांत आपण समजतो तितके अंतर नाही. दोन्हीकडे निवाडा मुलावर होतो आणि उत्तरपत्रिका न वाचता बाजूला पडते.

मनात माया आहे, हे मला पत्रावरूनच दिसते. परंतु त्या मायेने शब्दांची धार बोथट होते, या समजुतीला फारसा आधार मिळत नाही. मिंग-ते वांग आणि सारा केनी यांनी अमेरिकेतील ९७६ कुटुंबांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध केला. मूल तेरा वर्षांचे असताना आईवडील ओरडत, शिव्या देत किंवा हिणवत असतील, तर पुढच्या वर्षभरात त्याच्या वागण्यातील तक्रारी आणि खिन्नतेची लक्षणे वाढलेली दिसली, आणि एरवी त्या घरात कितीही जिव्हाळा असला तरी त्यामुळे हा परिणाम कमी झाला नाही. त्याच अभ्यासात उलट दिशाही दिसली : मुलाचे वागणे बिघडले की आईवडिलांचे बोलणे आणखी कठोर होते, आणि हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरत राहते. आपला मुलगा त्याहून मोठा आहे आणि आपले शहर वेगळे आहे, हे मान्य करूनही हा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे.

आपल्या वडिलांविषयी मी काय बोलावे? त्यांनी आपल्याला बोल लावले, तसेच कदाचित हातात हात धरून काम शिकवले असेल, चुकलेला तुकडा पुन्हा करून घेतला असेल, पहिल्या गिऱ्हाइकाकडे सोबत नेले असेल. यांपैकी कशाने आपण घडलात, हे आपणच शांतपणे आठवून पाहू शकाल. लागलेला शब्द मनात ठळक राहतो, आणि रोजची शिकवण अंगवळणी पडल्यामुळे दिसेनाशी होते. पहिले पाऊल म्हणून पाहुण्यांसमोर बोलणे आजपासून पूर्ण बंद करावे. पुढच्या वेळी गुण कमी आले की संदेश आला त्या रात्री काहीच बोलू नये, दुसऱ्या दिवशी उत्तरपत्रिका मागवून दोघांनी मिळून पाहावी आणि ‘कोणते गुण कशाने गेले, ते मला समजावून सांग’ असे म्हणावे. विज्ञान आपल्याला कळत नसले तरी चालेल. बापाला समजावून सांगताना मुलाला आपली चूक बहुतेक आपोआप सापडते.

प्रश्न : मॅडम, मी मिहानमधील एका कंपनीत सॉफ्टवेअर विभागात काम करते. रुजू झाले तेव्हा आमचे वरिष्ठ भर बैठकीत ‘तुला डिग्री दिली कोणी?’ असे विचारत. मी रात्री घरी रडले, पण ‘दाखवूनच देते’ या जिद्दीने शिकले आणि आज बढतीही मिळाली आहे. माझ्यासोबत लागलेले दोघे मात्र नोकरी सोडून गेले. सहकारी म्हणतात, सरांचे आभार मान. आता माझ्या हाताखाली नवीन मुले आली आहेत आणि मी त्यांच्याशी तशाच भाषेत बोलू लागले आहे, हे माझ्याच लक्षात आले. माझ्या बाबतीत तर ती भाषा उपयोगी पडली ना?

उत्तर : ‘दाखवून देईन’ या जिद्दीतून माणसे उभी राहतात, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि संशोधनही ते नाकारत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील समीर नूरमोहमद यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, इतरांना आपल्याकडून काही अपेक्षा नाही, ही जाणीव कधी कधी कामगिरी वाढवते, कारण त्यांना खोटे ठरवण्याची इच्छा जागी होते. पण त्याला एक महत्त्वाची अट होती. कमी लेखणाऱ्याच्या मताला ऐकणारा फारशी किंमत देत नसेल, तेव्हाच हा परिणाम दिसला. ज्याच्या पारखीवर आपला विश्वास आहे अशा माणसाने कमी लेखले, तर तो दिसत नाही. आपल्या वरिष्ठांचे मत हे अखेरचे मत नव्हे, असे मानायला आपल्याजवळ तेव्हाच काही आधार असला पाहिजे : महाविद्यालयात केलेले काम, धीर देणारे कोणी माणूस, घरातला भरवसा. तो आधार आपलाच होता. त्या दोघांजवळ तो कदाचित नव्हता, आणि गेलेली माणसे हिशेबात धरली जात नाहीत. सुरेश भट सभागृहात एखाद्या यशस्वी माणसाचा सत्कार होतो, तेव्हा ‘सरांनी अपमान केला म्हणून मी येथवर आलो’ हे वाक्य टाळ्या घेऊन जाते. ज्यांनी त्याच अपमानानंतर क्षेत्रच सोडले, त्यांच्या हाती ध्वनिक्षेपक कधी येतच नाही.

आता आपल्या हाताखालच्या मुलांकडे पाहा. त्यांच्यासाठी आपण जाणकार आहात. आपल्याला काम येते, हे त्यांना रोज दिसते. म्हणजे नूरमोहमद यांची अट येथे नेमकी उलटी पडते, आणि आपला शब्द ती मुले खरा मानून घरी नेतात. रॉबर्ट बॅरन यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काहींच्या कामावर नेमकी व सौम्य भाषेत टीका केली गेली, तर काहींना मोघम, उपमर्द करणारी आणि मुळात कुवतच नाही असे सुचवणारी टीका ऐकावी लागली. दुसऱ्या गटाचा राग आणि ताण वाढला, टीका करणाऱ्याबरोबर पुढे मिळून काम करण्याची तयारी कमी झाली, आणि त्यांनी स्वतःसमोर ठेवलेली उद्दिष्टेही खाली आली. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महागाची वाटते, कारण उद्दिष्ट खाली आणलेला माणूस तक्रार करत नाही. तो सांगितलेले काम वेळेत करतो, आणि त्यापलीकडे हात घालत नाही.

आपल्या व्यवसायात आणखी एक धोका आहे. लाजवलेला माणूस चूक दुरुस्त करण्याआधी ती झाकायला धावतो. जून टँगनी यांनी वर्षानुवर्षे केलेल्या संशोधनात ‘मी चुकीचे वागलो’ ही टोचणी आणि ‘मीच वाईट आहे’ ही लाज यांत स्पष्ट फरक दिसतो : पहिलीमुळे माणूस भरपाईकडे वळतो, दुसरीमुळे लपतो किंवा दुसऱ्यावर दोष ढकलतो. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील औषध देण्याच्या चुकांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध केला, तेव्हा चांगले नेतृत्व असलेल्या विभागांत चुकांची नोंद अधिक असल्याचे पाहून त्याही प्रथम चकित झाल्या. तेथे चुका अधिक होत होत्या असे मानण्याचे कारण नव्हते. त्या मोकळेपणाने सांगितल्या जात होत्या, हे पुढे उलगडले. नव्या मुलाने आपल्या धाकाने दडवलेली चूक आपल्याला ग्राहकाच्या तक्रारीतून कळावी, हे परवडणारे नाही.

आभार मानायचे की नाही, हे आपण ठरवा. माझ्या मते ते देणे लागत नाहीत. त्या बैठकांत त्यांनी दाखवलेल्या चुकांपैकी ज्या खऱ्या होत्या, त्या दाखवल्याबद्दल हवे तर मनात ऋण ठेवावे, कारण शिकवले त्या चुकांनी. आपण स्वतः टीका करताना बैठकीबाहेर, ज्याची चूक त्याच्याशी, ती ओळ पडद्यावर उघडून बोलावे, आणि ती दुरुस्त करायला किती वेळ लागेल ते त्यालाच विचारावे. नव्या मुलांशी आजवर त्या भाषेत बोलला असाल, तर एकदा तसे सरळ सांगून टाकण्याने वरिष्ठपणा कमी होत नाही.

प्रश्न : महोदया, महाल भागातील एका शाळेतून मी निवृत्त झालो आहे. आमच्या वेळी गुरुजींच्या नुसत्या आवाजाने वर्ग थरथरायचा, आणि आजही लक्षात राहिले आहेत ते कडक गुरुजीच. आता मुलाला शब्द लागला की पालक शाळेत येतात. ‘निंदकाचे घर असावे शेजारी’ असे आपल्याकडे म्हणतात, ते उगाच काय? मग शिक्षकांनी टीका करायचीच नाही आणि प्रत्येक वहीवर गुळमुळीत ‘छान’ लिहायचे, असे आपले म्हणणे आहे काय?

उत्तर : सर, गुळमुळीत ‘छान’ हा शब्द वहीवरून हद्दपार व्हावा, या मताशी मी पूर्ण सहमत आहे. त्याने मुलाला काही कळत नाही, आणि शिक्षकाला आपल्याकडून अपेक्षाच उरलेली नाही, असा अर्थ चलाख मुले त्यातून बरोबर काढतात. कडकपणाविषयीही माझी तक्रार नाही. निबंध तीनदा लिहून घेणे, एक मात्रा चुकली तरी खाली रेघ मारणे, वेळेत न आलेली वही न स्वीकारणे, हे सारे कडकच आहे, आणि यांपैकी कशातही मुलाला ‘ढ’ म्हणावे लागत नाही.

कडक टीका मुलाच्या पचनी कशी पडते, यावर जेफ्री कोहेन, क्लॉड स्टील आणि ली रॉस यांनी १९९९ साली, आणि पुढे डेव्हिड यीगर व सहकाऱ्यांनी २०१४ साली काम प्रसिद्ध केले. यीगर यांच्या अभ्यासात अमेरिकेतील सातवीच्या मुलांचे निबंध त्यांच्याच शिक्षकांनी नेहमीसारखे, चुका दाखवत तपासले. नंतर काही वह्यांना अशी चिठ्ठी जोडली गेली की, माझ्या तुझ्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत आणि तू त्या पूर्ण करू शकतोस हे मला ठाऊक आहे, म्हणून हे शेरे लिहिले आहेत. इतर वह्यांना फक्त ‘तुला अभिप्राय मिळावा म्हणून हे शेरे लिहिले आहेत’ अशा अर्थाची चिठ्ठी होती. कोणाला कोणती चिठ्ठी गेली, हे शिक्षकांनाही ठाऊक नव्हते. पहिली चिठ्ठी मिळालेल्या मुलांनी, विशेषतः शाळेवर ज्यांचा सहज विश्वास बसत नव्हता अशा कृष्णवर्णीय मुलांनी, निबंध सुधारून परत देण्याचे प्रमाण लक्षणीय वाढले. शेरे तेवढेच कडक होते. बदलले होते ते शेऱ्यांमागचे कारण, आणि ते मुलाला सांगितले गेले होते.

आपल्या गुरुजींनीही हे चिठ्ठीविना साधले असेल. शाळा सुटल्यावर थांबून गणिते करून घेणारा, परीक्षेच्या आदल्या दिवशी घरी येऊन विचारपूस करणारा माणूस वर्गात ओरडला, तर मुलाला त्या ओरडण्यामागचे कारण ठाऊक असते. तसे काहीच न करता केवळ ओरडणारेही त्या काळी होते. त्यांची नावे आपल्याला आज आठवतात का, हे एकदा पाहावे. शिवाय आपण शिक्षक झालात, म्हणजे त्या वर्गात तरलेल्यांपैकी आहात.

निंदकाच्या घराची म्हण मला आवडते, पण ती निंदकाला दिलेला परवाना नाही. ती ऐकणाऱ्याला सांगते की, लोक वाईट बोलतील तेव्हा त्यातले खरे तेवढे वेचून घे. हे शहाणपण प्रौढ माणसाचे आहे आणि स्वतःपुरते वापरण्याचे आहे. दहा वर्षांच्या मुलाने ते दाखवावे, अशी अपेक्षा करून आपण निंदकाची भूमिका घेणे न्याय्य ठरत नाही. आणि कायद्याचा भाग आपल्याला ठाऊक असेलच : बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमातील कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. शाळेत येणारे सारेच पालक रास्त तक्रार घेऊन येतात असे नाही, हे मला मान्य आहे. काहींना लाल रेघही अपमान वाटते, आणि त्यांच्यासमोर शिक्षकाने ठाम राहायलाच हवे.

प्रश्न : मी एमपीएससीची तयारी करतो आणि सक्करदऱ्याजवळच्या एका अभ्यासिकेत दिवसभर बसतो. मला कोणी बोलत नाही. मीच स्वतःला बोलतो. सराव परीक्षेत गुण कमी पडले की ‘तू नालायक आहेस, बापाचे पैसे उडवतोस’ असे वहीत लिहून ठेवतो. स्वतःशी कठोर राहिलो नाही, तर ढिला पडेन, अशी भीती वाटते. हे बरोबर आहे का?

उत्तर : ही भीती फार जणांना वाटते, आणि ती रास्त आहे का, हे ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तपासले आहे. एका प्रयोगात विद्यार्थ्यांना शब्दसंग्रहाची फार अवघड चाचणी देण्यात आली. नंतर काहींना आपल्या अपयशाकडे समजुतीने पाहायला सांगितले, काहींना स्वतःविषयी बरे वाटेल असे काही सांगितले, आणि काहींना काहीच सांगितले नाही. दुसऱ्या चाचणीपूर्वी सर्वांत अधिक वेळ अभ्यास केला तो समजुतीने पाहणाऱ्यांनी. तेव्हा स्वतःला न हिणवल्याने ढिलाई येते, हे गृहीत धरू नका.

वहीचे ते पान तसेच ठेवा, पण त्यावरचा मजकूर बदला. किती प्रश्न माहीत नसल्याने चुकले, किती घाईत वाचल्याने चुकले, आणि किती ठिकाणी येत असूनही वेळ उरला नाही, असे तीन रकाने करा. ‘नालायक’ या शब्दावरून उद्या सकाळी कोणते पुस्तक उघडायचे हे ठरत नाही. राज्यघटनेवरील किती प्रश्न पहिल्या रकान्यात गेले, यावरून ते ठरते. वडिलांच्या पैशाचा विचार मनातून जाणार नाही, आणि तो जावा असेही नाही, पण त्याविषयी वहीशी बोलण्याऐवजी एकदा त्यांच्याशीच बोला : आणखी किती प्रयत्न करायचे आणि त्यानंतर दुसरी वाट कोणती, हे दोघांनी मिळून ठरवलेले असले की रोजचा हिशेब थांबतो. स्वतःला दूषणे देता देता झोप उडाली असेल, जेवण सुटले असेल किंवा जगणे नकोसे वाटू लागले असेल, तर मात्र हा अभ्यासाचा प्रश्न राहत नाही. त्यासाठी मेडिकलमधील, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील, मानसोपचार विभागात दाखवावे, किंवा केंद्र सरकारच्या टेलि मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा अथवा रात्री केव्हाही फोन करावा. तेथे मराठीतही बोलता येते.